रिग्मोरबाईंची सुरक्षित पद्धत

पंचविशी गाठूनही जो बिनलग्नाचा राहतो त्याच्यावर दालचिनीची पूड उधळायची, आणि तिशीलाही त्याचा हट्ट कायम असला तर मिरपूड, ही आमच्या डेन्मार्कमधली रीत. रिग्मोर टोफ्टवर दोन्ही उधळून झालं होतं. तिशीच्या दिवशी तर तिच्या धाकट्या भावाने, एय्नरने, तेलाची दोन रिकामी पिंपं एकावर एक जोडून मिरी दळायच्या यंत्राचा माणसाहून उंच पुतळा तिच्या दारात उभा केला होता. त्या दिवशी दहा मिनिटं शिंकताना तिला लग्न न केल्याचा पश्चात्ताप झाला. नंतर कधी झाला नाही. वेळच नव्हता, लोकांना सुधारायचं होतं.

लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरच्या आमच्या गावात तिने अडतीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलं. तिच्या हाताखालून गेला नाही असा पंचविशी ते पन्नाशीतला माणूस गावात सापडायचा नाही. बटाटे कधी सोलायचे, पातेलं कुठल्या दिशेला कलतं करायचं, सुरी दुसऱ्याच्या हातात देताना मूठ कुणाकडे ठेवायची, सगळ्याचा एकच बरोबर प्रकार असतो आणि तो रिग्मोरबाईंना ठाऊक असतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी दुकानात एखादी अनोळखी बाई कांद्याची पात पिशवीत कोंबताना दिसली की रिग्मोर थांबायची. "अशी नाही हो. मान मोडते तिची." बाई घाबरून पात परत ठेवायची. आपण एका गिऱ्हाइकाला शहाणं केलं या समाधानात रिग्मोर पुढे जायची. दुकानदाराचं गिऱ्हाईक गेलं हे तिच्या लक्षात यायचं नाही.

हे सगळं आता ती स्वतःच सांगते, आणि तेही लोक हसतील अशा बेताने. मागच्या उन्हाळ्यापर्यंत मात्र ती स्वतःवर कधी हसली नव्हती. कारणच पडलं नव्हतं, तिच्या मते.

तिचं जिवाभावाचं माणूस म्हणजे एय्नरची मुलगी सिग्ने. तिची आई ती सहा वर्षांची असताना कोपनहेगनला गेली ती गेलीच, त्यामुळे वेण्या घालण्यापासून तापात रात्री जागण्यापर्यंत सगळं आत्यानेच केलं. सिग्ने काच फुंकते. बंदरावरच्या मासळीच्या जुन्या शेडमध्ये तिची भट्टी आहे. लांब लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचं, फिरवत राहायचं, आणि त्यातून पेले, वाडगे, दिव्यांच्या हंड्या काढायच्या. तिचं सगळं दुकान तिच्या दोन फुप्फुसांवर उभं. रिग्मोरला हे कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. लहानपणी त्याच छातीत घरघर व्हायची तेव्हा कांद्याचं पोटीस बांधत बसली होती तीच.

तर मागच्या एप्रिलात शाळेतल्या आठवीच्या पोरांनी इंटरनेटवर बघून भयंकर तिखट चिप्स मागवले. एक चिप तोंडात टाकायची, पाच मिनिटं पाणी प्यायचं नाही, आणि हे सगळं चित्रित करून जगाला दाखवायचं. दोघांना उलट्या झाल्या, तिसऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मुख्याध्यापकांनी रिग्मोरला फोन केला.

"रिग्मोरबाई, तुम्ही येऊन मुलांशी जरा बोलाल का? आमचं कुणी ऐकत नाही."

"ऐकायला लावावं लागतं," रिग्मोर म्हणाली. फोन ठेवून तिने लगेच जाड कागदावर तक्ते करायला घेतले. चौदा केले. पोट, अन्ननलिका, श्वासनलिका, सगळं रंगीत. कोरडी दालचिनी चमचाभर गिळायचा खेळ जुना असला तरी अधूनमधून पुन्हा उपटतो, म्हणून त्याचा वेगळा तक्ता: दालचिनी म्हणजे झाडाची साल, ती लाळेत विरघळत नाही, श्वासाबरोबर आत गेली तर फुप्फुसात बसून राहते. सोबत दाखवायला दालचिनीची बरणी आणि एक चमचा. सगळं बरोबर होतं. एक शब्द चुकीचा नव्हता.

तिसऱ्या तक्त्यापर्यंत मुलं जांभया द्यायला लागली. नवव्याला मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, तुम्ही स्वतः खाल्लीय का?"

"काय?"

"चमचाभर. कोरडी."

"मूर्खासारखं काय विचारतेस? अर्थातच नाही."

"मग भिंतीवर असं का लिहिलंय?"

शाळेच्या त्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: चाखल्याशिवाय बोलू नये. लिहिलं होतं रिग्मोरनेच, एकोणीसशे एक्याण्णव साली, मुलं मिठाचा अंदाज न घेता रस्सा वाढतात म्हणून. सगळा वर्ग वळून भिंतीकडे बघायला लागला, मग तिच्याकडे.

शहाण्या बाईने म्हटलं असतं, बाळ, ते रश्श्याबद्दल आहे. रिग्मोरलाही ते सुचलं. पण सुचलं घरी गेल्यावर. त्या क्षणी तिला एवढंच दिसत होतं, की अडतीस वर्षांत पहिल्यांदा एक शेंबडी पोर तिला तिच्याच वाक्याने गप्प करते आहे. तिने बरणी उघडली, चमचा भरला, वरून बोटाने सपाट केला (मापात चूक नको) आणि तोंडात टाकला.

आता खरं काय झालं ते ऐका. पाच मिनिटांपूर्वीच ती मोठा पेलाभर ताक प्यायली होती, त्यामुळे तोंड ओलं होतं. वर्ग भीतीने चिडीचूप होता, म्हणून कुणी तिला हसवलं नाही. आणि राग आला की श्वास रोखून धरायची तिची लहानपणापासूनची खोड. सव्वा मिनिट ती तोंड मिटून, डोळे वटारून, लाल होत उभी राहिली आणि मग सगळं गिळलं. खोकली नाही. डोळ्यांतून मात्र दोन थेंब आले.

"बघितलंत?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मूर्खपणा आहे. कुणीही करू नये."

वर्ग टाळ्या वाजवत उठला. तिच्या कारकिर्दीत मुलं कधी उठून उभी राहिली नव्हती, घंटा झाल्याशिवाय.

त्यात तिचं कसब काही नव्हतं, नुसतं नशीब होतं. पण नशिबाला पद्धत म्हणायची सवय हुशार माणसांनाच असते.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण सगळीकडे झालं. कुणीतरी शेवटचं "कुणीही करू नये" कापून टाकलं होतं आणि वर नाव दिलं होतं: मिरीआजीने दालचिनी पचवली. बिनलग्नाच्या बाईला आमच्याकडे मिरीचंच नाव चिकटतं. शनिवारी साडेचार लाख लोकांनी ते पाहिलेलं होतं. सिग्नेचा मित्र माल्थे, जो गावातल्या सगळ्यांचे संगणक दुरुस्त करतो, तो सायकल टाकून धावत आला.

"आत्या, तू देशात गाजतेयस!"

"मला त्याचं काही नाही," रिग्मोर म्हणाली. "आकडा कुठे दिसतो?"

त्याने दाखवलं. त्या दिवशी तिने तो आकडा अकरा वेळा पाहिला. बारावी वेळ झोपताना, पण ती मोजायची नाही, कारण चष्मा नव्हता. मंगळवारी दुकानात दोन तरुण पोरं तिच्याबरोबर फोटो काढून गेली. पाववाल्या बाईने दालचिनीचा एक गुंडाळलेला गोड पाव फुकट दिला. बहात्तराव्या वर्षी रिग्मोर हरभऱ्याच्या झाडावर चढली आणि वरून गाव फार छान दिसतं असं तिला वाटलं.

पण हुशार बाईला नुसती वाहवा कशी घेववेल? तिला त्यात काहीतरी उपयुक्त हवं. आठवड्याने ती माल्थेला म्हणाली, "मुलं हे करणारच. कितीही सांगितलं तरी करणार. तर मग निदान नीट करावं."

"म्हणजे?"

"म्हणजे पद्धत. आधी ताक प्यायचं. चमचा सपाट. श्वास रोखायचा. जिभेने भिजवत राहायचं, घाई नाही. मी सांगते, तू चित्रित कर."

माल्थेने डोकं खाजवलं. "आत्या, पण शाळेत तू करू नका म्हणालीस ना?"

"करू नकाच. पण केलंत तर असं."

एप्रन बांधून, शाळेच्या दिवसांतली पांढरी कॉलर लावून, स्वयंपाकघरात उभी राहून तिने सहा मिनिटांत "रिग्मोरबाईंची सुरक्षित पद्धत" समजावली. ते नऊ लाखांनी पाहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण आपल्या उपयोगाची आहे असं तिला तेव्हाही वाटलं नाही.

जूनमध्ये सिग्नेला पंचवीस पूर्ण होणार होती. म्हणजे दालचिनी आलीच. मित्रमंडळींनी चार किलो पूड आणून ठेवली होती, चिकटपट्टीचे गुंडाळे, पाण्याची नळी, डोळ्यांना लावायचा पोहण्याचा चष्मा, सगळी तयारी. यंदा एक नवीन टूम निघाली: उधळण्याआधी सिग्नेने एक चमचा गिळायचा, आणि तो द्यायचा प्रत्यक्ष मिरीआजीने. माल्थेने निरोप आणला तेव्हा रिग्मोरला भलताच मान वाटला.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी ती शेडमध्ये गेली. सिग्ने एका वाडग्याची कड साफ करत होती.

"आत्या, तो चमच्याचा प्रकार," ती मान वर न करता म्हणाली. "करू का नको कळत नाही. माझी छाती अजून कधीकधी गारठ्यात कुरकुरते. आणि सप्टेंबरच्या मेळ्याचे चाळीस पेले व्हायचेत."

"मग?"

"मग काय, तूच सांग. धोका नाही ना?"

त्या वेळी रिग्मोरच्या पुढे दोन वाटा होत्या. एका वाटेवर चौदा तक्ते होते. दुसऱ्या वाटेवर नऊ लाख लोक.

"माझ्या पद्धतीने केलंस तर काही होत नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"सिग्ने, मी तुला कधी चुकीचं सांगितलंय?"

सिग्ने हसली. "आता कसं सांगू? तू ऐकून थोडीच घेतेस." पण ती तयार झाली. लहानपणापासून आत्याने सांगितलेलं ती खातच आली होती.

शनिवारी दुपारी गावच्या सभागृहासमोर झेंडे लागले. एय्नर एका बाजूला निखाऱ्यावर सॉसेज भाजत होता. मुलांनी सिग्नेला रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला चिकटपट्टीने बांधलं, नळीने नखशिखान्त भिजवलं, म्हणजे पूड नीट चिकटावी. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा. ती ओल्या मांजरीसारखी दिसत होती. तिच्यावर रचलेलं गाणं सगळ्यांनी छापील कागद हातात धरून म्हटलं, त्यात तिला नवरा काचेचाच फुंकून काढावा लागणार असं एक कडवं होतं, आणि ती खांबाला बांधलेल्या अवस्थेत स्वतःही मोठमोठ्याने म्हणत होती.

मग रिग्मोर पुढे झाली. पांढरी कॉलर लावलेली. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात शाळेत असतानाचं, अंडी उकडायला वापरायचं ते वेळ मोजायचं घड्याळ.

"ताक प्यायलीस?"

"हो बाई," सिग्ने शाळकरी आवाज काढून म्हणाली. लोक हसले.

"श्वास रोख. आ कर."

रिग्मोरने स्वतःच्या हाताने चमचा भरवला. घड्याळ सुरू केलं. "एक… दोन… तीन…"

दहापर्यंत सगळं पद्धतीबरहुकूम होतं. पण पद्धतीत चुलतमामेभाऊ, मित्र आणि बियर यांचा विचार केलेला नव्हता. मागून कुणालातरी धीर धरवला नाही. भसकन एक ओंजळ पूड सिग्नेच्या डोक्यावर आली. तिला हसू फुटलं. तोंड भरलेलं असताना हसायला श्वास आत घ्यावा लागतो. तो तिने घेतला.

ती खोकायला लागली. तपकिरी ढगच तोंडातून बाहेर आला, आणि जमाव खूष झाला. आता तर सगळ्यांनीच मुठी भरून उधळायला सुरुवात केली. दालचिनीत न्हायलेलं पंचविशीचं माणूस खोकतंच. आमच्याकडे न खोकलेलं कुणी पाहिलेलं नाही. खोकला हा त्या कार्यक्रमाचाच भाग. चेहरा पुडीखाली, डोळे चष्म्याखाली, हात चिकटपट्टीखाली. आतल्या माणसाचं काय चाललंय हे सांगायला काही उघडं उरलेलंच नव्हतं.

"एकोणतीस… तीस… हार मानू नकोस!" रिग्मोर ओरडत होती. "एकतीस…"

रिग्मोर आता हे सांगते तेव्हा इथे हसवत नाही. मी मोजत होते, एवढंच म्हणते.

बावन्नला तिच्या लक्षात आलं की खोकल्याचा आवाज थांबलाय. लोक हसतायत, कुत्रं भुंकतंय, पण खोकला नाही. सिग्नेचं डोकं मागे खांबावर आपटत होतं आणि तोंड उघडं होतं. प्रथमोपचाराच्या तासाला रिग्मोर दरवर्षी एक वाक्य फळ्यावर लिहायची: खोकतोय तो श्वास घेतोय, गप्प झाला की धावा. तिचंच वाक्य. याही वेळी तिला तिचंच वाक्य आडवं आलं, पण या वेळी तिने ऐकलं.

"पाणी!" तिची किंकाळी ऐकून लोक आधी आणखी हसले. तिने एका पोराच्या हातातली नळी हिसकावली आणि सिग्नेच्या तोंडावर धरली. पूड वाहून गेली आणि खालचे ओठ दिसले. निळे.

मग मात्र सगळं फार वेगाने झालं. एय्नरने सॉसेज कापायची सुरी आणून चिकटपट्टी चिरली. रिग्मोरने पोरीला पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने मारलं, एक, दोन, तीन, चार, पाच. ती इतक्या जोराने मारेल असं गावात कुणाला वाटलं नव्हतं. तपकिरी चिखलाचा एक गोळा पडला. शिट्टीसारखा बारीक आवाज येऊन थोडा श्वास आत गेला. माल्थे फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होता आणि त्याला स्वतःच्या गावाचं नाव आठवेना. अठरा मिनिटं लागली गाडी यायला. ती अठरा मिनिटं रिग्मोर जमिनीवर बसून सिग्नेच्या पाठीवर हात ठेवून होती. या वेळी काहीही मोजत नव्हती.

दवाखान्यात नळी घालून फुप्फुसं धुवावी लागली. तासाभराने एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. एय्नर भिंतीला टेकून उभा होता, रिग्मोर खुर्चीवर, कॉलर अजून गळ्यात आणि तीही तपकिरी.

"जिवाचा धोका टळलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पण आत खूप सूज आहे. दोन-चार दिवस इथेच राहावं लागेल. एक सांगा, ती खुणा करून लिहून दाखवत होती की हे सुरक्षित आहे असं तिला सांगितलं होतं. कुणी सांगितलं?"

"मी," रिग्मोर म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. "अय्या, तुम्ही त्या… ताकवाल्या आजी?"

रिग्मोर म्हणते, आयुष्यात मला अनेक पदव्या मिळाल्या, पण ही मी जन्मभर लक्षात ठेवीन.

"हो," ती म्हणाली.

"तुमच्या पद्धतीने या महिन्यात आलेली ही तिसरी पेशंट," डॉक्टर म्हणाल्या. रागावून नव्हे, नोंद सांगावी तशा. ते जास्त लागलं.

डॉक्टर गेल्यावर एय्नर बहिणीकडे वळला. तो साठ वर्षांत बहिणीला उलट बोललेला नव्हता. तशी संधीच मिळाली नव्हती. आता म्हणाला, "तू तिला भरवलंस, रिग्मोर."

"हो."

"मी बघत होतो आणि सॉसेज उलटत होतो."

मग तोही तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

घरी येऊन रिग्मोरने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माल्थेला बोलावून ते पद्धतीचं चित्रण काढून टाकलं. माल्थे म्हणाला, "आत्या, लोकांनी त्याच्या प्रती काढल्यात. मोजल्या नाहीत, पण बऱ्याच आहेत." मग नवं चित्रण केलं. या वेळी कॉलर नाही, एप्रन नाही. खुर्चीवर बसून तिने सांगितलं: मी पहिल्यांदा वाचले ते नशिबाने. दुसऱ्यांदा शिकवलं ते टाळ्यांसाठी. या गोष्टीला सुरक्षित पद्धत नसते. माझी भाची दवाखान्यात आहे, तिला मी माझ्या हाताने भरवलं.

महिन्याभरात ते तीनशे बारा वेळा पाहिलं गेलं. त्यातल्या चार वेळा एय्नरने. खाली एकाने लिहिलं होतं, आधीची आजी जास्त मजेशीर होती. रिग्मोर म्हणते, त्याचं चूक नव्हतं.

सिग्ने पाचव्या दिवशी घरी आली. बोलायला लागली, जिना चढायला लागली. पण डॉक्टरांनी तीन महिने फुंकायला मनाई केली. नंतरही जमेल का, हे सप्टेंबरातल्या तपासणीनंतर बघू, म्हणाले. ते "बघू" ऐकून रिग्मोरची झोप उडाली. ती रोज संध्याकाळी सूप घेऊन सिग्नेच्या दारात जायची आणि रोज तेच बोलायची. सहाव्या संध्याकाळी सिग्नेने डबा घेतला आणि म्हणाली, "आत्या, तुझी माफी पुरे झाली. मला ठेवायला जागा नाही उरली."

"मग मी काय करू? सांग तू. काहीही सांग."

"फुंक."

"काय?"

"मला पेले करायचेत. घडवता येतं मला, हात ठीक आहेत. फुंकता येत नाही. दुसरं कुणीतरी नळीला तोंड लावून मी सांगेन तेवढं फुंकावं लागतं. माल्थेला विचारलं, तो भट्टीजवळ उभा राहिला की घामाने पातळ होतो. तुझी छाती धडधाकट आहे. ते तर नऊ लाख लोकांनी बघितलंय."

अशी बहात्तराव्या वर्षी रिग्मोर टोफ्ट आपल्या भाचीच्या हाताखाली कामाला लागली. सिग्ने बाकावर बसून गोळा फिरवायची, ओल्या लाकडाने आकार द्यायची. रिग्मोर जमिनीवर उशी टाकून गुडघ्यांवर बसायची आणि नळीच्या टोकाला तोंड लावायची. पहिल्या दिवशी तिने मन लावून फुंकलं. काच फुग्यासारखी फुगून, कागदासारखी पातळ होऊन फट्कन फुटली.

"आत्या! वाढदिवसाचा फुगा नाहीये हा. थोडंसं. अगदी थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

"पण त्याचं काही माप असेल ना? सेकंद वगैरे…"

सिग्नेने नुसतं बघितलं. रिग्मोरने सेकंदांचा विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सात पेले वाकडे झाले. तिसऱ्या दिवशी तिने अवजारं टांगायची जागा चुकीची आहे असं सुचवायला तोंड उघडलं, तेवढ्यात सिग्ने म्हणाली, "फुंक." नळी तोंडात असली की बोलता येत नाही, ही काचेच्या धंद्यातली एक फार मोठी सोय आहे. एय्नर एकदा दारात उभा राहून बघत होता. "इतकी वर्षं गाव शोधत होतं," तो म्हणाला, "की हिच्या तोंडाला काय लावावं." दोन आठवड्यांत त्याने बहिणीला दुसऱ्यांदा असं काही ऐकवलं. चटक लागली होती बहुतेक.

ऑगस्ट संपेपर्यंत एकतीस पेले झाले. त्यातले बरेचसे बरे होते. उरलेल्यांना सिग्ने फुलदाण्या म्हणायला लागली. दोघी कामात असताना जूनचा विषय निघायचा नाही. फक्त एकदा, गोळा भट्टीत धरून सिग्ने म्हणाली, "आत्या, मला त्या वेळी वाटलं की तू बघतेयस म्हणजे काही होणार नाही."

रिग्मोरच्या तोंडात अजून नळी नव्हती. तिने उशी ओढून गुडघे टेकले आणि नळीची वाट बघत बसली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी होती. एय्नरच सिग्नेला घेऊन गेला. रिग्मोरला सिग्नेने नको सांगितलं होतं. ती शेडमध्ये एकटीच बसून राहिली, तीन वेळा फरशी झाडली, अवजारांना हात लावला नाही. चारच्या सुमारास सिग्ने आली. कोट काढला, भट्टीतून नळीवर लहानसा गोळा घेतला, फिरवत बाकाशी आली आणि नळी स्वतःच्या तोंडाला लावली.

रिग्मोर अर्धवट उठली. "डॉक्टर काय…"

सिग्नेने हात वर करून तिला थांबवलं आणि फुंकलं. मग नळी बाजूला करून दोनदा खोकली. त्या दोन खोकल्यांमध्ये रिग्मोरने भिंत धरून ठेवली होती. खोकला थांबला आणि सिग्नेने श्वास घेतला, खोल, शिट्टी न वाजता. पुन्हा फुंकलं. गोळ्यात बुडबुडा उतरला, गोल.

"थोडं थोडं करायची परवानगी दिलीय," ती म्हणाली. "दमले की थांबायचं. थंडीत जपायचं. पण जमेल म्हणाले."

"मग उद्या मी किती वाजता येऊ?"

"उद्यापासून येऊ नकोस, आत्या."

"नऊ पेले राहिलेत अजून!"

"म्हणूनच. सरळ हवेत मला."

रिग्मोरने उशी झटकली, खुंटीवरचं जाकीट घेतलं आणि बाहेर पडली. कामावरून काढून टाकलं म्हणून इतका आनंद झालेलं माणूस आमच्या जुटलंड प्रांतात दुसरं झालं नसेल. घर दोन किलोमीटरवर. वाटेत रडू आवरेना म्हणून तिला तीनदा सायकलवरून उतरावं लागलं. चौथ्यांदा उतरली ती साखळी निसटली म्हणून, आणि ती कशी बसवायची हे समजावून सांगायला रस्त्यात कुणी नव्हतं, म्हणून तिने ती गप्पपणे बसवली.